वार पडेपर्यंत चीक पाजू नये?

गाय व्याली की गोठ्यात हमखास कुणीतरी सांगतं, 'वार पडू दे, मग वासरू सोड. आधी चीक काढला तर वार अडकते.' वार म्हणजे पोटात वासराभोवती असलेलं, व्याल्यावर बाहेर पडणारं आवरण आणि चीक म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध. खरं तर उलट आहे. वासरू सडाला ढुशा देऊन पिऊ लागलं की गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. त्यानं पान्हा येतो आणि गर्भाशयही आकुंचन पावतं, म्हणजे वार पडायला मदतच होते.

नुकसान होतं ते वासराचं. गाईच्या पोटात असताना त्याला आईकडून प्रतिपिंडं (रोगांशी लढणारी प्रथिनं) मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आतडी ती जेमतेम पहिला दिवसभरच शोषतात, तीही तासागणिक कमी. म्हणून सड धुऊन तासा-दोन तासांत पाजा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. खरवसाच्या वाट्या शेजारी नंतर पाठवा!

वार साधारण ८ ते १२ तासांत पडते. लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधणं, हातानं ओढणं नको; गर्भाशयाला इजा होते. बारा तास उलटले तर पशुवैद्यकांना बोलवा. चीक मात्र त्यांची वाट बघत अडवून ठेवू नका.