धावण्याचे बूट निवडताना पायाचं ऐका

पाय ओला करून कोरड्या फरशीवर टेकवायचा आणि उमटलेला ठसा पाहायचा. ठसा मधोमध भरलेला असेल तर पाऊल सपाट. टाच आणि चवडा यांना जोडणारी नुसती एक बारीक पट्टी दिसली तर कमान उंच. सपाट पावलासाठी पाऊल आत झुकू न देणारा घट्ट बूट, उंच कमानीसाठी मऊ बूट आणि मधल्या पावलासाठी मधला. नव्यानं धावायला लागलेल्या माणसाला हा सल्ला पहिल्या आठवड्यातच कुणी ना कुणी देतो. डोळे तपासून चष्मा करून घेतो, तसं पाऊल तपासून बूट घ्यायचे, यात न पटण्यासारखं काय आहे?

पटण्यासारखं सगळंच आहे, फक्त तपासणीत ते टिकलं नाही. अमेरिकी लष्करात नव्यानं भरती झालेल्या जवानांना सुरुवातीच्या प्रशिक्षणात भरपूर धावावं लागतं आणि पायाच्या दुखापतीही भरपूर होतात. जोसेफ नॅपिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूदल, हवाई दल आणि मरीन या तिन्ही ठिकाणी एकच प्रयोग केला. निम्म्या जवानांना तळव्याच्या आकारानुसार बूट दिले आणि उरलेल्यांना आकार न बघता सरसकट एकाच प्रकारचे. 2009 आणि 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतल्या दुखापतींच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नव्हता.

असं का व्हावं, हे समजायला पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा काय घडतं ते पाहू. एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. टाचेची बाहेरची कड बहुतेकांची आधी टेकते, मग पाऊल किंचित आतल्या बाजूला कलतं, कमान जराशी दबते आणि आदळण्याचा जोर थोड्या जास्त वेळात विभागला जातो. या आत कलण्याला प्रोनेशन म्हणतात. हे व्हायलाच हवं, ती शरीराची सोय आहे. कुणाचं पाऊल जास्त कलतं, कुणाचं कमी. ‘जास्त’ म्हणजे आजार आणि बूट म्हणजे औषध, अशी समजूत पुढे दुकानांमधून रूढ झाली आणि तिच्या आधारानं बुटांचे वेगवेगळे वर्ग खपू लागले.

डेन्मार्कमध्ये रासमुस नील्सन यांच्या गटानं 927 नवशिक्या धावकांच्या पावलांची ठेवण आधी तपासली आणि नंतर सगळ्यांना एकाच जातीचे साधे, कसलीही ‘दुरुस्ती’ न करणारे बूट दिले. वर्षभर नोंदी ठेवल्या. 2014 मध्ये आलेला निकाल असा, की आत कलणाऱ्या पावलांना दुखापतीचा धोका जास्त नव्हता. उलट धावलेल्या दर हजार किलोमीटरमागे त्यांच्या दुखापती ‘सर्वसाधारण’ पावलांपेक्षा थोड्या कमीच भरल्या. अगदी टोकाची कललेली पावलं या अभ्यासात मोजकीच होती, त्यामुळे त्यांच्याबद्दल यावरून ठाम विधान करता येत नाही. अशा माणसानं आणि आधीपासून दुखणं असलेल्यानं डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला पाय दाखवावा हे बरं. 2022 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र पडताळून पाहणाऱ्या संस्थेनं 12 प्रयोगांमधल्या 11,240 जणांची माहिती एकत्र करून पाहिली. पावलाची ठेवण बघून बूट दिल्यानं दुखापती कमी होतात, असं तिथेही दिसलं नाही. बुटांच्या अमुक प्रकारानं दुखापत टळते याचा पुरावा एकूणच कच्चा आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग निदान जाड आणि मऊ सोल तरी घ्यावा की नाही? इथे गंमत आहे. धावताना प्रत्येक पावलाला जमीन आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट जोरानं उलट ढकलते. 60 किलोच्या माणसाच्या एका पायावर क्षणभर 120 ते 180 किलोंइतका भार येतो. मिनिटाला 170 च्या आसपास पावलं धरली तर अर्ध्या तासात हे साधारण पाच हजार वेळा होतं. सोलमधला फोम बहुधा ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकचा असतो. त्यात हवा कोंडलेल्या असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. त्या दबतात, पुन्हा फुलतात, आणि पाय टेकण्याचा क्षण किंचित लांबतो. म्हणजे फोम जितका मऊ तितका दणका कमी, असा हिशेब कुणीही मांडेल.

पण पाय म्हणजे काही खाली सोडलेलं निर्जीव वजन नव्हे. पायाखाली काय आहे याचा अंदाज मेंदू सतत घेत असतो आणि स्नायू किती आवळायचे ते ठरवत असतो. 1990 च्या दशकात प्रयोगशाळेत दिसून आलं, की जमीन मऊ झाली की धावणारा पाय अधिक ताठ करतो आणि जमीन कडक झाली की गुडघा-घोटा अधिक वाकवतो. हा बदल अगदी चटकन होतो, तोही आपल्या नकळत. त्यामुळे बुटानं वाचवलेल्या दणक्यातला काही भाग पाय स्वतःच परत ओढवून घेतो. तरी मऊपणा अगदीच निरुपयोगी नाही. लक्झेंबर्गमध्ये लॉरां मालिसू यांच्या गटानं 848 हौशी धावकांना दिसायला सारखे, पण फोमचा कडकपणा वेगळा असलेले बूट दिले. कडक फोमवाल्यांना दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. आश्चर्य पुढेच आहे. मऊ फोमचा हा फायदा हलक्या वजनाच्या लोकांमध्ये स्पष्ट दिसला, जड लोकांमध्ये नाही. ‘वजन जास्त आहे ना, मग जाड गादीचेच घ्या’ हे दुकानातलं ठरलेलं वाक्य ऐकताना हा निकाल आठवावा. माझ्या मते पहिल्या जोडासाठी मध्यम मऊ फोम पुरे. पायाखाली डळमळेल इतका जाड नको आणि जमीन टोचेल इतका पातळही नको.

वर्ग आणि लेबलं बाजूला ठेवली तर निवडायचं कशावरून? कॅल्गरी विद्यापीठातले बेनो निग यांनी आयुष्यभर धावण्याचं यांत्रिक शास्त्र अभ्यासलं आणि शेवटी ते एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबले: बुटात पायाला बरं वाटतं का? त्यांच्या गटानं 206 सैनिकांचा एक अभ्यास केला होता. काहींना सहा प्रकारच्या आतल्या तळपट्ट्यांमधून स्वतःला सर्वांत आरामशीर वाटणारी निवडायला सांगितलं, बाकीच्यांना तळपट्टी दिलीच नाही. निवडणाऱ्या गटात दुखणी कमी झाली, आणि सगळ्यांनी एकच पट्टी निवडली असंही नव्हतं. निग यांचा तर्क असा, की प्रत्येकाच्या सांध्यांची हालचालीची एक ठरलेली वाट असते. बूट त्या वाटेत आडवा आला की स्नायूंना जादा काम पडतं, आणि ते आपल्याला ‘बरं न वाटणं’ या रूपात कळतं. तर्क अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही. पण वापरून पाहायला तो सोपा आहे आणि त्यात तोटा काही नाही.

बरं वाटणं मात्र घाईत कळत नाही, आणि त्याआधी माप बरोबर हवं. बुटाच्या आकड्यांवर विसंबू नये. ब्रिटिश पद्धतीत एका आकड्याचं अंतर तृतीयांश इंच, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत ते दोन तृतीयांश सेंटिमीटर. शिवाय ज्या साच्यावर बूट बेततात तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. एका कंपनीचा आठ दुसरीचा साडेसात असू शकतो. दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि धावतानाही फुगतात, म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहावेत, तेही धावताना वापरणार तेच मोजे घालून. दोन पावलं सहसा तंतोतंत सारखी नसतात. मोठ्या पावलाचं माप धरावं. बसून नव्हे, उभं राहून बघावं, कारण भार पडला की पाऊल लांबतं आणि रुंदावतं. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी हवी. ती नसेल तर बोटं पुढे आपटत राहतात आणि महिन्याभरात एखादं नख काळं पडतं. लक्षात ठेवा, सर्वांत लांब बोट पुष्कळांचं पायाच्या अंगठ्याशेजारचं असतं.

लांबीकडे सगळे बघतात, रुंदी राहून जाते. तिच्यासाठी एक सोपी युक्ती आहे. बुटातली सुटी तळपट्टी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. करंगळी किंवा चवड्याची कड पट्टीबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही. ‘वापरून सैल होईल’ असं कुणी म्हणालं तरी घेऊ नका. धावण्याचा बूट पहिल्याच दिवशी नीट बसायला हवा. टाच मात्र आत घट्ट हवी. ती वर-खाली सरकत असेल तर घोट्याजवळचं ते शेवटचं, बहुतेक वेळा रिकामं राहणारं भोक वापरून नाडी बांधून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं. मग दुकानातच, नाहीतर बाहेर, थोडं धावून बघा. चालताना सुखावणारा बूट धावताना वेगळा वागू शकतो. दोन-तीन वेगळे जोड लागोपाठ घातले की फरक लगेच जाणवतो. एकच जोड घालून मात्र काही उमगत नाही.

टाच आणि चवडा यांच्या खालच्या सोलच्या जाडीतला फरक, म्हणजे ड्रॉप, नेहमीच्या बुटांत 8 ते 12 मिलिमीटर असतो. तो कमी केला की भार गुडघ्याकडून पोटरीकडे आणि टाचेमागच्या कंडरेकडे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीकडे सरकतो. यात चांगलं-वाईट असं काही नाही, पण जी पोटरी वर्षानुवर्षं उंच टाचेच्या बुटांना सरावली आहे तिला एकदम सपाट बुटात ढकललं तर ती ओरडणारच. अनवाणी धावण्याचे समर्थक अबेबे बिकिलाचं उदाहरण देतात. 1960 च्या रोम ऑलिंपिकमधली मॅरेथॉन तो अनवाणी धावून जिंकला हे खरं, पण 1964 मध्ये टोकियोला तो बूट घालून धावला आणि तेव्हाही जिंकलाच, शिवाय आधीपेक्षा कमी वेळात. कार्बनच्या पट्टीवाल्या महागड्या बुटांचा मोहही आवरावा. त्यांनी सरासरी 4 टक्के ऊर्जा वाचते हे मोजलं गेलं ते ताशी 14 ते 18 किलोमीटर वेगानं धावणाऱ्या कसलेल्या धावपटूंवर.

नवशिक्यांच्या दुखापतींबद्दल एक आकडा सांगण्याजोगा आहे. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर धावण्याच्या दर 1,000 तासांमागे नवशिक्यांना सुमारे 17.8 दुखापती होतात असं निघालं. नियमित हौशी धावकांना 7.7. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि कंडरा मजबूत व्हायला महिने लागतात. मधल्या काळात छाती म्हणते आणखी पळ आणि नडगी म्हणते थांब. हे भांडण कोणताही बूट मिटवत नाही. ते मिटतं धावण्याचं अंतर सावकाश वाढवून, मध्ये चालून आणि विश्रांतीचे दिवस पाळून.

जोड साधारण 500 ते 800 किलोमीटर चालतो. बाहेरचं रबर शाबूत दिसत असलं तरी आतला फोम थकलेला असू शकतो. बाजूनं पाहिल्यावर सोलवर आडव्या सुरकुत्या दिसायला लागल्या, किंवा एरवीच्याच अंतरानंतर पाय नव्यानं दुखू लागले, की नवा जोड बघायला हरकत नाही. जुना लगेच टाकूही नका. थोडे दिवस दोन्ही आलटून-पालटून वापरा. लक्झेंबर्गच्याच गटानं 264 धावकांवर 22 आठवडे नजर ठेवली, तेव्हा एकाहून जास्त प्रकारचे बूट वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका 39 टक्क्यांनी कमी दिसला. हे नुसतं निरीक्षण होतं, गट पाडून केलेला प्रयोग नव्हता. तरी कारण पटतं: बूट बदलला की भार पायाच्या थोड्या वेगळ्या भागावर पडतो आणि कालच्या भागाला एक दिवस सुट्टी मिळते.