तोफेचं वजन, तारीख आणि पेन्सिल

२०२५ साली अलिबागजवळच्या खांदेरी या सागरी किल्ल्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत लागलं आणि आमच्या अलिबागच्या ग्रुपवर तोफांचे फोटो धडकू लागले. परवा एक आला, कुठल्या किल्ल्यावरचा ते देव जाणे. खाली मजकूर: ‘खांदेरीच्या लढाईतली अस्सल तोफ! तारीख कोरलेली आहे, १७-२-६.’

खांदेरीची प्रसिद्ध चकमक १८ ऑक्टोबर १६७९ची. शिवाजी महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने त्या दिवशी इंग्रजांचं ‘डोव्हर’ नावाचं गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, पकडलं. तिथे फेब्रुवारी कुठून आला?

ही तारीख नव्हेच, वजन आहे. इंग्रजी तोफांवर ते तीन आकड्यांत कोरत: हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, मग २८ पौंडांचा क्वार्टर, मग सुटे पौंड. १७-२-६ म्हणजे १९६६ पौंड, सुमारे ८९२ किलो. मधला आकडा ३च्या वर आणि शेवटचा २७च्या वर जात नाही. शेजारी मुकुटाखाली ‘जी आर’ दिसलं, तर तोफ जॉर्ज राजांच्या काळातली, म्हणजे १७१४नंतरची. तिने १६७९ पाहिलेलंच नाही.

‘गंजत नाही, म्हणजे अष्टधातूची’ हा आणखी एक लाडका समज. बहुतेक वेळा ते बीडच, म्हणजे ओतीव लोखंड असतं, आपल्या घावनांच्या तव्याचं. आणि बिडाची खरी गंमत तर समुद्रात आहे.

बिडात कार्बन साधारण ३-४ टक्के, बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. खाऱ्या पाण्यात हे पापुद्रे आणि लोखंड मिळून लाखो इवल्या बॅटऱ्या तयार होतात. लोखंड ॲनोड, ग्राफाइट कॅथोड. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होतात आणि विरघळून जातात. ग्राफाइटला काही होत नाही. शे-दोनशे वर्षांनी तोफेचा आकार, दोन्ही बाजूंचे कान (ज्यांवर ती गाड्यावर टेकते), कधीकधी अक्षरंसुद्धा शाबूत असतात, पण वरचा थर पेन्सिलीच्या शिशासारखा. सुरीने खरवडता येतो. वजन मात्र घटलेलं, त्यामुळे कोरलेला आकडा आता खोटा!

खरा घात होतो तो बाहेर काढल्यावर. पापुद्र्यांच्या जाळीत समुद्राच्या मिठातलं क्लोराइड मुरलेलं असतं. हवा लागली की उरलेलं लोखंड झपाट्याने गंजतं. गंज जागा जास्त घेतो, म्हणून थर फुगून तडकतात. ही क्रिया उष्णता सोडणारी. वर काढलेले तोफगोळे चटका बसेल इतके तापल्याच्या नोंदी आहेत. (उद्या कुणी त्याला ‘जागृत गोळा’ म्हणून शेंदूर फासला तर नवल नाही.) प्रयोगशाळेत अशी वस्तू सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, बहुधा सौम्य वीजप्रवाह देऊन, महिनोन्‌महिने ठेवतात. क्लोराइड बाहेर येणं थांबेपर्यंत.

म्हणून थळच्या कोणा नाखव्याच्या जाळ्यात असा गोळा आलाच, तर तो उन्हात वाळवू नये, घासूही नये. समुद्राच्याच पाण्यात बुडवून ठेवावा, कुठे सापडला ती जागा लिहून ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. जागा गेली की उरतो तो नुसता बिडाचा गोळा.