जायकवाडीचे ६५ टक्के आले कुठून?

पावसाने ओढ दिली की त्या वर्षी ऑक्टोबरात नाशिकमध्ये एकच आकडा कानावर पडतो. १५ ऑक्टोबरला, खरिपाचा वापर धरून, मराठवाड्यातल्या पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर गोदावरीच्या वरच्या अंगाच्या गंगापूर, दारणा, पालखेड धरणसमूहांतून पाणी सोडायचे. मुळा-प्रवरेच्या धरणांनाही हाच नियम.

मोसम नदीकाठची सामूहिक पाणीवाटपाची फड पद्धत, ब्रिटिशांचे दारणा धरण, गोदावरीचे कालवे हे सगळ्यांना ठाऊक आहे. वादाचे मूळ अलीकडचे आहे. १९९२ च्या डब्लिनच्या आंतरराष्ट्रीय पाणी परिषदेने पाण्याला आर्थिक मूल्य आहे आणि व्यवस्थापनात वापरणाऱ्यांचा सहभाग हवा, असे मांडले. पुढे विकासासाठी कर्ज देणाऱ्यांनी नुसत्या धरणांऐवजी नियामक, पाणीपट्टी आणि पाणीवापर संस्था यांचा आग्रह धरला. महाराष्ट्रात २००५ साली नियामक प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा असे दोन कायदे झाले, त्याच सुमारास सिंचन सुधारणेचे मोठे परदेशी कर्जही आले. (ओझरच्या शेतकऱ्यांनी वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था काढल्या त्या डब्लिनच्या आधी. पाणी मोजून घ्यायचे आणि आपसात वाटायचे, हे त्यांना कोणा परिषदेने शिकवले नव्हते.)

प्राधिकरणाच्या कायद्यातले कलम १२(६)(ग) मात्र वेगळ्याच कारणाने गाजले. खोऱ्यातली टंचाई समन्यायाने वाटून घेण्यासाठी दर वर्षी ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतल्या उपयुक्त पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, साधारण सारखी राखायची, एवढेच ते म्हणते. ती नेमकी किती टक्के, याबद्दल त्यात काही नाही. २०१२ च्या दुष्काळानंतर प्रकरण न्यायालयात गेले, अभ्यासगटाने साठ्यांचे तक्ते मांडले, २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यावर आदेश काढला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने पाणी सोडण्याची ही चौकट उचलून धरली. तक्त्यातला ६५ हा आकडा तेव्हापासून कायद्याइतकाच पक्का झाला.

वरची धरणे आमचे पाणी अडवतात, हे मराठवाड्याचे म्हणणे खोटे नाही. जायकवाडीचे नियोजन झाल्यावरही वरच्या अंगाला मुकणे, भावली, काश्यपी अशी धरणे होत गेली. पण नाशिकचा आक्षेपही कोणी नीट ऐकलेला नाही. कोरड्या नदीपात्रातून सोडलेले पाणी वाटेत मुरते, काही उपसले जाते, आणि ती तूट वरच्यांच्याच खात्यावर पडते. पैठणचा जलाशय पसरट आणि उथळ, तिथले बाष्पीभवन वेगळेच. शिवाय शहर वाढले, तसे गंगापूरवरचे पिण्याचे आरक्षणही वाढले. २०२३ मध्ये वरच्या समूहांतून मिळून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचे ठरले तेव्हा निफाडच्या द्राक्षबागायतदारांनी विचारलेला प्रश्न साधा होता: पैठणला पोचणार किती?

नव्या अभ्यासगटाने ६५ चे ५८ करावे असे सुचवले आहे. दोन्ही बाजू आता पश्चिमेकडे वाहून जाणारे पाणी घाटमाथ्यावरून गोदावरीत वळवण्याकडे डोळे लावून आहेत. ते आले तरी वाटपाचा तक्ता पुन्हा मांडावाच लागेल.