जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकांचे दोष व दुरुस्ती

मोटारीच्या पुढच्या चाकांना गाडीचे वजन पेलावे लागते, वळणे घ्यावी लागतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलावा लागतो. मारुती ८०० सारख्या गाडीत इंजिनाची ओढही याच चाकांतून रस्त्यावर उतरते. त्यामुळे पंधरा-वीस वर्षे चाललेल्या गाडीची खडखड, थरथर किंवा घुरघुर बहुधा पुढूनच सुरू होते. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सोलापूर जिल्ह्यात ती, तिच्या पिढीतल्या इतर छोट्या गाड्या आणि एखाद-दुसरी अॅम्बॅसिडर अजूनही वापरात दिसते.

सोलापूरचे रस्ते आणि माती या दोषांत भर घालतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी गावरस्त्यांच्या कडा तुटतात. पांढरा पट्टा नसलेले गतिरोधक तर बारमाही. शहरात गाडी चाळिसाच्या पुढे जात नाही, म्हणून चाकाचा असमतोल कळत नाही. पुणे किंवा हैदराबादच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ६५ ला लागल्यावर सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टीअरिंग थरथरू लागते, तेव्हा तो लक्षात येतो. पावसाळ्यात याचे एक कारण अगदीच साधे असते. मंगळवेढ्याच्या बाजूच्या काळ्या शिवारातून गाडी आली की चिकण चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळून घट्ट होतो. बाहेरून चाक स्वच्छ दिसते, पण आत एका बाजूला मूठभर माती असते. बॅलन्सिंगला, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करून घ्यायला, जाण्यापूर्वी चाक काढून आतून धुवावे. निम्म्या वेळा काम तिथेच होते.

थरथर फक्त ब्रेक लावतानाच जाणवत असेल, तर ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, वाकडी किंवा कमी-जास्त झिजलेली आहे असे समजावे. जाडी शिल्लक असेल तर डिस्क लेथवर फेसिंग करून, म्हणजे सपाट घासून, घेता येते. यंत्रमागांच्या या शहरात लेथवाला शोधावा लागत नाही.

बेअरिंगचा आवाज ओळखण्यात सर्वाधिक गफलत होते. वेगाबरोबर वाढत जाणारी सलग घुरघुर हे त्याचे लक्षण खरे, पण खवले पडल्यासारखा झिजलेला टायरही हुबेहूब तसाच बोलतो. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर सूर बदलला तर टायर संशयित. तसाच राहिला तर बेअरिंग. खात्री हवी असेल तर पुढची चाके मागे लावून पाहावीत. आवाजही मागे गेला, की दोष टायरचा, बेअरिंगचा नाही. डावे वळण घेताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून तेव्हा घुरघुर वाढली तर उजवे बेअरिंग आधी पाहावे. पूर्ण स्टीअरिंग फिरवून गाडी वळवताना येणारी कट-कट मात्र निराळी. ती ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या सांध्याची (सीव्ही जॉइंटची) असते. त्या सांध्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला असतो आणि रिमच्या आत ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसतात. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल, तर जॉइंट धुऊन, नवे ग्रीस भरून, बूट बदलला की भागते. एकदा धूळ आत शिरून कट-कट सुरू झाली की ग्रीस भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

चाक उचलून हलवून पाहणे ही जुनी पद्धत आजही सर्वांत खात्रीची. गाडी सपाट जागी घ्यावी, मागच्या चाकांना दगड लावावेत, आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड द्यावा. तो नसेल तर निदान स्टेपनी सरकवून ठेवावी. चाक वर-खाली धरून हलवले आणि प्ले (ढिलेपणा) जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा. डावी-उजवीकडे हलवताना प्ले असेल तर टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याचे चाकाकडचे टोक) किंवा स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंगचे वळण त्या दांड्यांना देणारा भाग). बॉल जॉइंटचा प्ले पुढे ढकलू नये. तो निसटला तर चाक आडवे पडते आणि गाडी हातात राहत नाही.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही टायरांची हवा सारखी करावी. तरी ओढलीच, तर थोडी चालवून दोन्ही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन पाहावा. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार असतो, सगळेच लोखंड तापलेले असते. तेव्हा एक चाक गरम आहे का हे पाहून उपयोग नाही, दोन्हींतला फरक पाहायचा. एकच बाजू चटका देत असेल तर कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या ब्रेकच्या भागाचा, पिस्टन किंवा पिन जाम आहे.

मारुतीसारख्या गाडीत बेअरिंग स्टीअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या वळणाऱ्या भागात, घट्ट बसवलेले असते. नवे बेअरिंग प्रेसवर, बाहेरच्या रिंगवर दाब देऊनच बसवावे. घाईत आतल्या रिंगवर हातोडा मारला की छऱ्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात आणि घुरघुर थोड्याच दिवसांत परत येते. मग दोष ‘डुप्लिकेट माला’वर ढकलला जातो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांत पुढे टेपर रोलर (निमुळत्या रुळांचे) बेअरिंग असते. तिथे चाक फिरवत नट आवळतात, मग सैल करून हलकासा बसवतात आणि नवी स्प्लिट पिन घालतात. करकचून आवळलेले टेपर बेअरिंग तापून जळते.

टाय रॉड एंड बदलताना जुना काढण्यासाठी किती फेरे फिरवावे लागले ते मोजून नवा तितकाच बसवतात. त्यावर गॅरेजपासून अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवणाऱ्या, दुकानापर्यंत गाडी नेता येते, त्यापलीकडे नाही. टो, म्हणजे पुढची चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप, बिघडलेला असेल तर टायरच्या खाचांना करवतीसारखी धार येते. हाताचा तळवा आडवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागते. अलाइनमेंट नेहमी शेवटी करायचे. टाय रॉड ढिला असताना ते केले तर मशीनच्या कागदावर आकडे बरोबर येतात, आणि टायर पूर्वीसारखाच झिजत राहतो.