क्रेफिशची फ्लाय की झिंग्याची?

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, दोरा गुंडाळून केलेलं मासे पकडायचं नकली भक्ष्य. ती बांधायला शिकणारा मराठवाड्यातला माणूस आज ना उद्या क्रेफिशपाशी, म्हणजे गोड्या पाण्यातल्या जाड नांग्यांच्या कवचधारी प्राण्यापाशी, येऊन पोचतोच. व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले, आणि तिकडच्या नद्यांतल्या स्मॉलमाउथ बास या माशाचं क्रेफिश हे आवडतं खाणं. पडद्यावर मिशा, नांग्या, पसरलेलं शेपूट दिसलं की आपण म्हणतो, हा तर आपला झिंगाच. मग तीच फ्लाय जशीच्या तशी बांधून पैठणच्या खाली गोदावरीत नाहीतर पूर्णेच्या डोहात टाकली जाते.

पण भारतीय उपखंडात क्रेफिश मुळात नाहीच. मत्स्यालयाच्या दुकानात काचेच्या टाकीत दिसतो तो बाहेरून आलेला. (कंटाळा आला म्हणून तो ओढ्यात सोडू नका, एवढं मात्र पाळा.) आपल्याकडच्या मरळीच्या नि वामीच्या ओळखीचे आहेत ते झिंगे आणि खेकडे.

फरक बघायचा तर बाजारातून एखादा जिवंत झिंगा आणून पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात ठेवावा. अंग दोन्ही बाजूंनी दाबलेलं, आणि इतकं पारदर्शक की आतली काळी शीर दिसते. डोक्यावर दातेरी काटा. पोटाखालचे छोटे पाय एकामागून एक हलत राहतात आणि झिंगा संथ पुढे सरकतो. ताटलीला टिचकी मारा, शेपटी आखडून तो फटकन मागे जाईल. क्रेफिशही असाच मागे पळतो, आणि घोटाळा होतो तो बराचसा इथेच. बाकी दोघांचं फार जुळत नाही. क्रेफिश वरून दाबल्यासारखा चपटा, कवच जाड, आणि त्याचा मुक्काम तळावर दगडांखाली. त्याच्या पायांच्या पहिल्या तीन जोड्यांना चिमटे असतात, त्यातली पहिली जोडी भली जाड. झिंग्याच्या दोनच जोड्यांना चिमटे. त्यातली लांब ती दुसरी, पण नुसती काडी.

आता बांधणी. दोघेही मागे पळतात म्हणून दोन्ही फ्लायचं डोकं गळाच्या बाकाकडे आणि शेपूट गळाच्या डोळ्याकडे, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाकडे. इथवर एकच. क्रेफिशला गळाच्या डोळ्यापाशी, दांडीच्या वरच्या अंगाला, जड डंबेल (दोन टोकांना गोळे असलेलं धातूचं वजन) बांधतात. त्या वजनानं फ्लाय पाण्यात उलटते, गळाचं टोक वर राहतं आणि तळाच्या दगडांत अडकणं कमी होतं. म्हणूनच पाठीचं कवच टोकाच्या बाजूला बांधायचं. हे ध्यानात नाही राहिलं तर प्राणी पोट वर करून चालतो. नांग्यांसाठी दोन रुंद मऊ पिसं, एकमेकांपासून फाकलेली. रंग तपकिरी, शेवाळी.

झिंग्याला हे वजन मारक आहे. दांडीवर शिशाच्या तारेचे चार-दोन वेढे पुरेत. अंगाला फिकट राखाडी-हिरवट डबिंग (दोऱ्यावर वळलेले लोकरीसारखे तंतू), तेही विरळ, कारण उजेड आरपार गेला पाहिजे. त्यावर कोंबड्याचं हॅकल, म्हणजे मानेचं पीस, गोल गुंडाळून वरची बाजू कातरायची, खालचे केस पायांचं काम करतात. पाठीवर साध्या पॉलिथिनची पट्टी, आणि बारीक नायलॉननं वेढे देऊन तिचे कप्पे पाडायचे. जाड नायलॉनचं टोक मेणबत्तीवर धरलं की त्याची काळी गोळी होते, तोच डोळा. मिशा अंगाहून लांब ठेवा. नांग्यांच्या जागी फक्त दोन बारीक काड्या. व्हिडिओ पाहून बांधणाऱ्यांचा हात सगळ्यात जास्त इथे चुकतो. नांग्या जाड झाल्या की फ्लाय झिंग्याचीही राहत नाही, क्रेफिशचीही नाही.

मापाचंही बघा. मॅक्रोब्रॅकियम वंशातला गोदावरी झिंगा मोठा होतो, पण त्याच्या पिल्लांना खाडीचं निमखारं पाणी लागतं आणि धरणांच्या भिंती वाटेत आडव्या येतात. ओढ्यातल्या जाळ्यात येतात ते बहुतेक बोटभर किंवा त्याहून लहान. फ्लायही तेवढीच असावी.

क्रेफिशची फ्लाय तळाला टेकवून झटका, थांबा, पुन्हा झटका अशी आणतात. झिंग्याची मध्यावर तरंगती ठेवून बोटाबोटानं ओढायची, आणि मध्येच एक जोराचा ओढा द्यायचा. दिवाळीनंतर पाणी निवळलं की हा डाव नीट बसतो. पावसाळ्याच्या गढूळ लोंढ्यात बारीक झिंगा कोणत्या माशाला दिसणार? नाथसागर मात्र पक्षी अभयारण्य आहे आणि तलावांची मासेमारी बऱ्याच ठिकाणी सहकारी संस्थांकडे असते, तेव्हा आधी परवानगी विचारा.

बांधून ठेवलेल्या क्रेफिशच्या फ्लाय फेकू नका. मिशा कापा, शेपूट अर्ध्यावर आणा, नांग्या राहू द्या. काळ्या कातळाच्या फटीलगत तळाशी रांगवली की खेकडा म्हणून ती चालून जाते, आणि तिथे तिचं वजनही कामाला येतं.