नाईलचा पूर, युफ्रेटिसचा पूर

नदीकाठी संस्कृती जन्मल्या, हे शाळेत एकदा पाठ केलं की इजिप्त आणि मेसोपोटेमिया डोक्यात एकाच खणात जाऊन बसतात. दोन्हीकडे नदी, पूर, गाळ. खरा फरक पूर कोणत्या महिन्यात येतो, यात आहे.

नाईलला पूर आणणारा पाऊस इथिओपियाच्या डोंगरांत पडतो, तोही आपल्या पावसाळ्याच्याच दिवसांत. ऑगस्ट-सप्टेंबरात शेतं पाण्याखाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी ओसरलं की ओल्या गाळात गहू आणि जव पेरायचे, मार्च-एप्रिलला कापणी. धरणाचं पाणी हटल्यावर आपल्याकडे गाळपेर करतात तसंच, फक्त इथे अख्खा देशच गाळपेरीवर. शिवाय पूर जाताना जमिनीतले क्षारही धुऊन नेई. पूर कमी आला तर मात्र दुष्काळ ठरलेला, म्हणून पाण्याची उंची मोजून नोंदवण्यावर राज्याचा कटाक्ष असे.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, युफ्रेटिस आणि टायग्रिस या नद्यांना मोठं पाणी यायचं ते तुर्कस्तानाकडच्या डोंगरांतलं बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मेमध्ये. नेमका तेव्हाच जव कापणीला आलेला. आणि शरदात पेरणीला पाणी हवं, तर नदी खाली गेलेली. मग बांध घाला, पाट काढा, पाटात साचलेला गाळ उपसत बसा. त्यात दक्षिणेकडची जमीन इतकी सपाट की पाणी निचरत नाही. ऊन ते शोषून घेतं आणि मीठ वर येतं. क्षारपड म्हणजे काय, हे सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. गव्हापेक्षा जव खारं रान जास्त सोसतो, त्यामुळे सुमेरमध्ये, म्हणजे मेसोपोटेमियाच्या याच दक्षिण भागात, भर जवावरच राहिला.

पाट आले की वाटणी आली, आणि वाटणी आली की भांडण. लगश आणि उम्मा ही सुमेरमधली शेजारची दोन नगरं एका सुपीक पट्ट्यावरून आणि पाण्यावरून पिढ्यान् पिढ्या लढली. लगशचा राजा एआनातुम याने इ.स.पू. 2450च्या सुमारास विजयाचा दगड कोरवला, तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर शत्रूची मुंडकी चोचीत धरून उडणारी गिधाडं आहेत. बांधाच्या तंट्याचं इतकं जुनं चित्र क्वचितच सापडेल!

सुमेरमध्ये ऊर, उरुक, लगश अशी आपापले पाट सांभाळणारी वेगवेगळी नगरराज्यं दिसतात. इजिप्त मात्र इ.स.पू. 3100च्या सुमारासच एका राजाखाली आलं. याचं सगळं श्रेय मी पुराला देणार नाही. दोन्ही बाजूंना वाळवंट, मधे एकच नदी. प्रवाह उत्तरेला वाहतो आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून येतो. उतरताना प्रवाह, चढताना शीड. अशा देशात कर गोळा करणं सोपंच.

आता इजिप्तचंही पारडं फिरलंय. 1970 साली आस्वानचं मोठं धरण पुरं झालं, गाळ जलाशयात अडकू लागला, शेतं बारमाही कालव्यावर आली, आणि निचऱ्याची व मिठाची डोकेदुखी नाईलकाठीही सुरू झाली.