हिरडीतून रक्त येते तेव्हा

१९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात साफ करणे पूर्ण थांबवायला सांगितले. कुणाच्या हिरड्या दहाव्या दिवशीच बिघडल्या, कुणाच्या एकविसाव्या. पण सुटले कुणीच नाही. हिरडीची कड लाल झाली, फुगली, धक्का लागताच रक्त येऊ लागले. मग दात पुन्हा घासायला लावले, तशा साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

आपल्याकडे आजही हिरडीतून रक्त आले की ‘अंगात उष्णता झाली’ म्हणतात आणि ती जागा घासायची सोडून देतात. नेमके इथेच चुकते. रक्त येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर साचलेला जंतूंचा चिकट थर, प्लाक. जागा सोडली की थर वाढतो आणि रक्तही वाढते.

दुखणे मात्र जुने आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांशी होणारे १५ रोग सांगितले आहेत. त्यांतला ‘शीताद’ म्हणजे हिरडीतून अकस्मात रक्त येणे, हिरडी मऊ, काळपट आणि दुर्गंधीयुक्त होणे. दातवण १२ अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड असावे आणि त्याच्या टोकाच्या मऊ कुंचल्याने एकेक दात घासावा, तोही हिरडीला इजा न करता, असेही त्यात आहे. हे शेवटचे सांगणे फार मोलाचे होते. राखुंडी, विटेची पूड किंवा जाडे मीठ बोटाने खसाखसा चोळण्याच्या सवयीत तेच हरवले. अशा घासण्याने हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते आणि थंड पाणी झोंबू लागते.

मिठाने घासूनही थर पूर्ण जात नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्टचे, स्वतः भिंगे घडवणारे लेव्हेनहूक रोज सकाळी मिठाने दात घासत, फडक्याने पुसत. तरी दातांच्या फटीत पांढरा लगदा उरलाच. तो पावसाच्या पाण्यात कालवून त्यांनी भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. १६८३ च्या पत्रात त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्या जिवांचा हिरडीच्या रोगाशी संबंध जुळायला मात्र फार काळ जावा लागला.

प्लाक काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी तो घट्ट होतो, त्याचे कीटण बनते. ते ब्रशने निघत नाही. अमेरिकेतले दंतवैद्य जॉन रिग्ज एकोणिसाव्या शतकात हिरडीखालचे कीटण खरवडून काढत. पायोरियाला, म्हणजे हिरडी आणि तिच्याखालचे हाड झिजवणाऱ्या रोगाला, तिकडे बराच काळ ‘रिग्जचा रोग’ म्हणत. आजचे स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याने कीटण खरवडून काढणे, त्याच वाटेवरचे. ‘स्केलिंगने दात हलतात, फटी पडतात’ ही भीती सर्रास ऐकू येते. फट आधीचीच असते. ती कीटणाने बुजलेली असते आणि सूज उतरली की दिसते. दात हलतात ते त्यांना धरून ठेवणारे हाड झिजल्यामुळे, आणि गेलेले हाड सहसा परत भरून येत नाही. सुजलेली हिरडी बरी होते, हाडाचे तसे नाही. म्हणून रक्ताची खूण दिसताच हलले पाहिजे.

घासण्याची रीत न्यू ऑर्लिन्सचे डॉक्टर चार्ल्स बास यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडली. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत तिरका टेकवायचा, केसांची टोके कडेत जरा शिरू द्यायची, जागच्या जागी थरथरवल्यासारखे बारीक हलवायचे आणि मग पुढच्या दोन-तीन दातांवर जायचे. आडवा घसारा नको. दोन दातांच्या मध्ये ब्रश पोचत नाही. तिथे दिवसातून एकदा फ्लॉस, म्हणजे फटीत फिरवायचा बारीक दोरा, किंवा फटीत जाईल असा छोटा ब्रश लागतो.

महाराष्ट्रात आणखी एक सवय आहे, मिशेरीची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. १९९२ साली भारतात टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आली, पण घरच्या तव्यावरची मिशेरी चालूच राहिली. दिवसातून चार-पाच वेळा लावणाऱ्या बाईला दात साफ करायचे नसतात, तिला निकोटिनची तलफ असते. मिशेरी चोळतात तिथली हिरडी मागे सरते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही असतो. तिथला पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही किंवा जखम भरली नाही, तर दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात जावे.